‘मला काय येतंय, नुसती गोधडी शिवते’

गाणाऱ्या, शिवणाऱ्या, चितारणाऱ्या, नाचणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेताना येणाऱ्या अडचणी कळवा, असं आम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच अडचणीची बरीच पत्रं आली, ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने गावातल्या बारा जणींच्या मुलाखती घ्यायचं ठरवलं आहे. पहिल्याच आजींनी ‘मला काय येतंय, नुसती गोधडी शिवते’ म्हणून वीस मिनिटांत विषय मिटवला. आम्ही प्रेरणा, कलेतला आनंद, आवडते रंग असं सगळं विचारलं होतं. चुकलं कुठे? (सातारा जिल्हा)

प्रश्नांत चुकलं, आजींचं काही चुकलं नाही. ‘प्रेरणा’ हा शब्द ज्या बाईने आयुष्यात उच्चारला नाही, तिला तो विचारला की ती परीक्षेला बसल्यासारखी होते आणि सुटकेचं उत्तर देते. गोधडीविषयी बोलायचं तर गोधडी मांडीवर हवी. अर्धी शिवलेली असेल तर उत्तम, नसेल तर पेटीतली जुनी, झिजलेली काढायला सांगा. सुईदोरा त्यांच्या हातात असू द्या आणि तुमची नजर त्यांच्या हाताकडे असू द्या.

मग विचारा : वरचं लुगडं कुणाचं, खालचं कुणाचं? मध्ये काय भरलं? चिंध्या अंथरताना आधी मोठे तुकडे की बारीक? थर सरकू नयेत म्हणून कडेला काय ठेवता? दोरा किती लांब घेता, हातभर की दीड हात? टाके कडेकडून आत येत जातात की एका बाजूने दुसरीकडे? दोन ओळींत अंतर किती, एक बोट की दोन? कोपऱ्यावर वळताना काय करता? मधोमध आल्यावर शेवटचा टाका घालण्याआधी आत काही ठेवता का?

असा एकेक प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो बाईला तिच्या जाणतेपणाच्या जागी नेतो. ‘दोरा लांब घेतला तर काय होतं?’ असं विचारलं की ‘गुतडा होतो’ एवढ्यावर ती थांबत नाही. लांब दोरा घेतल्याबद्दल कोण रागावायचं तेही येतं, आणि तिथून तिचं शिकणं सुरू होतं. ‘या गोधडीचे टाके एवढे जवळ का?’ याचं उत्तर साधारण असं असतं की ही बाळाची, सारखी धुवावी लागते, विरळ टाक्यांत आतलं कापड गोळा होतं. म्हणजे टाक्यांच्या अंतरातच वापर, माणूस आणि कापडाचं वय सगळं आलं. चुकांबद्दल तर आवर्जून विचारा : काय उसवावं लागलं, किती उसवलं, का? उसवण्याबद्दल बोलताना हातखंडा असलेली बाईसुद्धा फार नेमकं बोलते.

आणखी एक शब्द कानात ठेवा : ‘हौस’. ‘आपली हौस म्हणून करायचं’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणते आणि त्या एका शब्दाने वर्षानुवर्षांचं काम बारीक करून टाकते. तिथे ‘नाही हो, ही मोठी कला आहे’ असं म्हणू नका. ती ओशाळते आणि गप्प होते. त्याऐवजी विचारा, ‘हौस पुरी कधी करायला मिळायची?’ दिवसातली वेळ कोणती, दिवा कुठला, पोरं कुणापाशी, दोऱ्याला पैसे कुठून, घरात कुणी नाक मुरडायचं का. शिवून दिलेल्या गोधडीची मजुरी किती, ती पैशांत की धान्यात, हेही विचारा.

वस्तूचं नाव तिच्या तोंडचंच वापरा. तुमच्या आजी गोधडी म्हणाल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या इतर जणी वाकळ म्हणतील. सीमेपलीकडे उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी म्हणतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं लावतात. फुलाविना कवंदी त्यांच्या लेखी उघडी. तुम्ही ‘क्विल्ट’ म्हटलंत की ती फुलं तुमच्या प्रश्नांतून गळालीच.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात सहापर्यंत आकडे मोजा. निम्म्या वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. ‘हो ना’, ‘बरोबर’, ‘अगबाई’ हे शब्द ध्वनिमुद्रणात तिच्या वाक्यांवर पडतात, म्हणून मान हलवा आणि तोंड मिटून ठेवा. बारा जणींना प्रत्येकी एकदा भेटण्यापेक्षा सहा जणींना दोनदा भेटा. पहिली बैठक तासाभराची, दुसरी आठ-पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत त्यांना आपोआप आठवत राहतं.

प्रश्न : साल विचारलं की ‘काय की बाई’ एवढंच येतं. काळ कसा लावायचा? (लातूर)

साल विचारूच नका, साल तुम्ही लावा. लोकांना घटना आठवतात. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मोठा दुष्काळ १९७२ चा. त्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली बाई ‘सुकडी खाल्ली’ (तेव्हा वाटलेलं कोरडं खाणं) असं सांगते. तुमच्याकडे किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटेचा. ‘हे शिकलात तेव्हा भूकंप झाला होता का? थोरला किती वर्षांचा होता? रांगत होता की शाळेत जायचा?’ एवढ्यावर दोन-तीन वर्षांच्या फरकाने काळ बसतो. गावात वीज कधी आली, पिठाची गिरणी कधी आली, हेही खूण म्हणून चांगलं. गिरणीचा प्रश्न तर ओव्यांसाठी कळीचा आहे, कारण ओवी जात्यावर दळताना म्हणायची आणि गिरणी आली की घरचं दळण थांबायचं. लिहिताना मात्र तिचं वाक्य आणि तुमचा हिशेब वेगळे ठेवा. ‘थोरला रांगत होता’ हे तिचं, ‘म्हणजे १९७० च्या सुमारास’ हे तुमचं, चौकोनी कंसात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना शेकड्याने ओव्या यायच्या. फोन समोर ठेवून दिवाणखान्यात बसवलं तर चार ओव्यांवर अडतात आणि रडवेल्या होतात. वय ७८. (पुणे जिल्हा)

त्या विसरलेल्या नाहीत, तुम्ही त्यांना ओवीच्या जागेवरून उठवलंत. जात्यावरची ओवी हाताबरोबर येते. खुंटा फिरतो, वैरण (जात्यात घालायची धान्याची मूठ) पडते, त्या लयीत एक ओळ दुसरीला ओढून आणते. घरात जातं असेल तर ते मांडा, भरडायला मूठ-दोन मूठ डाळ घ्या. वयामुळे ओढवत नसेल तर ओढायचं काम तुम्ही करा, त्यांचा हात नुसता खुंट्यावर असू द्या. जातंच नसेल तर परात पालथी घालून तिच्यावर हात फिरवायला सांगितलं तरी फरक पडतो.

दुसरं म्हणजे जोडीदारीण बोलवा. दळायला बहुतेक वेळा दोघी बसायच्या. जाऊ, नणंद, शेजारीण. एकीने म्हटली की दुसरीला सुचते. त्यांच्या माहेरची किंवा वयाची एखादी बाई आणलीत तर तुम्ही प्रश्न न विचारता तासभर गाणं चालेल. आणि ‘ओवी म्हणा’ असं म्हणण्याऐवजी नातं सांगा : भावाची म्हणा, लेकीची म्हणा, पंढरीच्या वाटेवरची, सीतेच्या वनवासाची, पहिल्या पाच देवांच्या. ‘पहिली माझी ओवी’ अशी मोजणीने सुरुवात करून दिली की पुढच्या ओव्या क्रमाने येऊ लागतात.

मुद्रण दोनदा करा. एकदा जात्यासकट, कारण ती घरघर हीच त्या गाण्याची चाल आहे. जात्याखाली जाड पोतं किंवा दुमडलेली वाकळ घाला, म्हणजे फरशीची थरथर कमी होते. माइक जात्यापासून दूर, गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. दुसरं मुद्रण जातं थांबवून, तीच ओवी सावकाश ‘सांगायला’ लावून. गाताना ओळ मोडते, ‘बाई’, ‘ग’, ‘माझ्या’ असे शब्द मध्ये येतात, अर्धी ओळ पुन्हा येते. सांगताना ती दोन ओळींची आटोपशीर होते. उतरवून घेताना दोन्ही लिहा. नुसती सांगितलेली लिहिली तर चाल गेली, आणि नुसती गायलेली लिहिली तर पुष्कळदा शब्दच चुकीचे ऐकले जातात.

प्रत्येक ओवीखाली गाणारीचं पूर्ण नाव, गाव, माहेर आणि तारीख टाका. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून आपल्या सहकाऱ्यांबरोबर ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या पुढे गेला आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो २०१७ पासून लोकांसमोर आणायला घेतला. त्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट आकडा नव्हे. कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने म्हटली हे तिथे सापडतं. एरवी ओवी छापून येते ती ‘लोकगीत’ या नावाने, जणू कुणीच म्हटली नव्हती.

प्रश्न : फोनवर केलेल्या मुद्रणात बांगड्या आणि पदराची खसखस ऐकू येते, आवाज मात्र दूर गेल्यासारखा. महागडी सामग्री परवडणार नाही. (नाशिक)

फोन पुरतो. त्याची जागा चुकलेली असते. टेबलावर ठेवलेला फोन टेबलाचं सगळं ऐकतो : कप, बोटं, बांगड्या. फोनखाली चौघडी टॉवेल घाला आणि फोन त्यांच्या तोंडापासून वीत ते दीड वीत अंतरावर आणा. समोरच्या खुर्चीत तुमच्या हातात धरू नका, हात हलतो.

कॉलरचा माइक वापरत असाल तर तो पदरावर लावण्याची चूक जवळपास सगळे करतात. पदर सरकतो, घासतो, पुन्हा सारखा केला जातो. माइक ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावा, जिथे पदर येत नाही त्या बाजूला, हनुवटीपासून वीतभर खाली. मंगळसूत्र किंवा माळ त्यावर आपटत असेल तर माइक खांद्याकडे घ्या. दागिना काढायला सांगू नका. वायर वेढा देऊन चिकटपट्टीने पक्की करा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. हे सगळं त्यांना स्वतःला करू द्या किंवा बरोबरच्या बाईकडून करवून घ्या. बांगड्यांचं काय, तर हात मांडीवरच्या उशीवर टेकवायला सांगा. शिवत, विणत, कांडत बोलत असतील तर तो आवाज राहू द्या, तो कामाचा आहे.

खोली लहान आणि भरलेली बरी. गाद्या, कपडे, पडदे असलेली झोपायची खोली सगळ्यात चांगली, नव्या बांधणीचा मोकळा हॉल सगळ्यात वाईट. पंखा बंद, फ्रिज बंद (त्याच्या आत आपली गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना पुन्हा सुरू करायची आठवण राहते), फोन विमान-स्थितीत (एअरप्लेन मोडवर). कुकर लागला असेल तर तो होईपर्यंत थांबा. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसती खोली मुद्रित करा. पुढे तोडजोड करताना हा कोरा आवाज लागतो.

फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. एकेरी आवाजाला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. एमपी-३ मध्ये ती दहाव्या भागाहूनही कमी लागेल, पण एकदा गाळलेला आवाज परत मिळत नाही. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावी. गाणं सुरू होणार असेल तर ही पातळी आधीच आणखी खाली आणा. बोलण्याच्या मापावर ठेवलेला आवाज पहिल्याच तानेला फुटतो आणि तो चिरका आवाज नंतर दुरुस्त होत नाही. शक्य असेल तर दुसरा फोन बाजूला चालू ठेवा. आणि नंतरचं काम लक्षात घ्या : तासाभराचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास जातात, बोली अनोळखी असेल तर आठही.

प्रश्न : बाईंना विचारलं की उत्तर नवरा किंवा मुलगा देतो. उठा असं कसं म्हणणार? (विदर्भातून दोन पत्रं)

उठवू नका, त्यांना वेगळं काम द्या. दोघींनी मिळून जा. एकीने घरच्या कर्त्या माणसाची वेगळी मुलाखत ओसरीवर घ्यायची : गावाचा इतिहास, शेती, बाईंचं काम बाजारात कसं जातं. तीही उपयोगी असते. त्याच वेळी दुसरी आत बाईंजवळ बसते. जाण्याची वेळ त्यांची विचारा, तुमची सांगू नका. जेवणं झाल्यावर दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक घरांत बायकांची असते. तरीही कुणी मध्ये बोललंच तर ते ऐकून घ्या आणि लगेच बाईंकडे वळून ‘आणि तुमच्या हाताला कसं जमलं?’ असं विचारा. हाताबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही.

प्रश्न : संमतिपत्र इंग्रजीत मिळालं, तेच वापरू का? बाईंना लिहिता येत नाही. गाण्याचा हक्क कुणाचा? मानधन द्यावं का? (ठाणे)

इंग्रजी कागदावर अंगठा घेऊ नका. ती संमती नव्हे. मराठीत, त्यांच्या बोलीच्या जवळ, अर्ध्या पानात लिहा आणि मुद्रण चालू ठेवून मोठ्याने वाचा. तीन गोष्टी सुट्या विचारायच्या : बोलणं मुद्रित करू का, ते लिहून छापू का (नावासकट की नावाविना), आवाज किंवा फोटो इंटरनेटवर टाकू का. तिन्हींना वेगळं हो-नाही असू शकतं. पुष्कळ जणी पहिल्या दोन्हींना हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. ‘इंटरनेट’ म्हणजे काय हे दाखवा : तुमच्या फोनवर दुसऱ्या कुणा बाईचं गाणं लावा आणि सांगा की हे असं जगात कुठूनही ऐकता येतं. नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर ठळक अक्षरात लिहून कागदाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. तोंडी होकार मुद्रणात असेल तर अंगठ्याचाही आग्रह नको. अंगठा म्हटलं की जमीन आणि कर्ज आठवणारी घरं अजून आहेत.

हक्कांविषयी : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणारी, नाचणारी व्यक्ती ‘सादरकर्ती’ ठरते आणि तिचा हक्क ५० वर्षं टिकतो. गाणं परंपरेचं असलं तरी तिच्या गळ्यातून आलेलं सादरीकरण तिचं आहे. तिचं नाव लागावं आणि तिची नालस्ती होईल अशी मोडतोड होऊ नये, हा हक्क तिला २०१२ च्या दुरुस्तीने दिला. तुम्ही केलेल्या ध्वनिमुद्रणावर तुमचा हक्क असतो, म्हणून ‘माझ्या फोनवर आहे म्हणजे माझंच’ हा समज होतो. दोन्ही हक्क एकाच फाइलवर शेजारी-शेजारी नांदतात. ओवी किंवा गाणं तिचं स्वतःचं रचलेलं असेल तर त्या शब्दांचा हक्क पुन्हा वेगळा आणि तिच्या हयातीनंतरही ६० वर्षांचा. असे हक्क सोपवायचे तर ते लेखीच लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असा छापील मजकूर दिसला की तो खोडा. मुलाखतीसाठी तेवढी गरजही नसते. वापरण्याची परवानगी पुरते.

मानधन द्या. तिची रोजंदारी बुडते. गावातली त्या दिवसाची मजुरी हे किमान माप धरा, गाणं किंवा कारागिरी करून दाखवली तर त्याचे वेगळे. पाकीट मुलाखतीच्या आधी द्या. नंतर दिलं तर ते उत्तरांचं बक्षीस वाटतं, आणि दुसऱ्या बैठकीत ती तुम्हाला हवं ते सांगू लागते.

प्रश्न : तमाशातल्या एका ज्येष्ठ कलावंत बाईंना भेटायचं आहे. काय विचारू नये? (नगर)

लग्न आणि बापाचं नाव यांनी सुरुवात करू नका. तमाशातल्या बायकांना हे प्रश्न आयुष्यभर दुसऱ्याच हेतूने विचारले गेलेले असतात. गुरूचं नाव विचारा, फडाचं नाव विचारा. संबोधन ‘बाई’ हेच ठेवा. या क्षेत्रात ते मानाचं आहे. विठाबाई, यमुनाबाई अशीच नावं घेतली जातात. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली ती लावणीसाठी, आणि त्यांची ख्याती बसून अदा करण्याच्या लावणीची. म्हणून भेटीआधी एवढं नक्की माहीत करून घ्या की तुमच्या बाई ढोलकीच्या फडातल्या की संगीत बारीतल्या. ही दोन वेगळी जगं आहेत. फडात वग, गण, गवळण, बतावणी, नाच्या, सोंगाड्या सगळं येतं. बारीत गाणं, अदा आणि समोरच्या रसिकाची फर्माईश. एकीचे प्रश्न दुसरीला विचारलेत तर पहिल्या पाच मिनिटांतच तुमचं अज्ञान उघडं पडतं आणि पुढे वरवरची उत्तरं मिळतात.

कामाबद्दल विचारण्यासारखं अपार आहे. एका पायात घुंगरू किती, ते सुतात ओवलेले की पट्ट्यावर, पहिल्यांदा बांधले तेव्हा पाय सुजले का? एकाच ओळीची अदा किती तऱ्हांनी करता, करून दाखवाल का? ढोलकीवाला चुकला तर कसं सावरता? दिवस गेलेले असताना कितव्या महिन्यापर्यंत नाचलात, कुणी बदली उभी राहायची? उचल किती घ्यायचात, फेडायला किती हंगाम लागायचे? उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. या एका शब्दावर पैशाचं सगळं गणित उलगडतं.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तेव्हा कुणाला बसायला वेळ नसतो. पावसाळ्यात जा, फड थांबलेले असतात.

प्रश्न : आमच्या भागात वारली चित्रं काढणाऱ्या बायका आहेत, पण माहिती द्यायला पुरुष पुढे येतात. (पालघर)

लग्नातला चौक (भिंतीवरचं विधीचं चौकोनी चित्र) आणि विकायचा कागद हे दोन विषय सुटे करा. लग्नघरात भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहिणं सवासिणींचं काम आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. १९७० च्या दशकात चित्रं कागदावर आली, बाजारात गेली आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुषांची नावं जगाला कळली. ते मोठेच चित्रकार होते. पण भिंतीवर लिहिणारणीचं नाव कुठे लिहायची रीतच नव्हती. म्हणून विचारताना लग्नांवरून विचारा : गावात शेवटच्या पाच लग्नांत चौक कुणी लिहिला, पहिली रेघ कुणाची, तांदळाचं पीठ किती पातळ, बांबूची काडी चावून कुंचला कोण करून देतं, धवलेरी कोण होती. पंधरा-वीस नावं सहज मिळतील. चौकाचा फोटो मात्र धवलेरीला विचारल्याशिवाय काढू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आत्या पुण्यात. त्या रांगोळी आणि पेटीवादन दोन्ही करतात. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होईल का?

होईल, पण कॉलचं मुद्रण हे मुख्य मुद्रण धरू नका. कॉलमध्ये बोलण्याचा आवाज तेवढा जपला जातो आणि पेटीचा लांबलेला सूर गोंगाट समजून कापला जातो. आत्यांच्या शेजारी दुसरा फोन ठेवून तिथेच आवाज मुद्रित करा आणि ती फाइल नंतर मागवा. सुरुवातीला आत्यांनी एकदा टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही मुद्रणं जुळवता येतात. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळची आठची वेळ तुम्हाला रात्री साडेदहाची किंवा साडेनऊची पडेल. पाऊण तासाहून जास्त ताणू नका. रांगोळीसाठी फोन स्टुलावर खाली तोंड करून बांधा आणि काढून झालेल्या रांगोळीचा नव्हे, ठिपके मांडण्यापासूनचा व्हिडिओ घ्या.

प्रश्न : लिहून काढताना बोली शुद्ध करावी का? आमच्या संपादकांचा तसा आग्रह आहे. (जळगाव)

जळगावहून हा प्रश्न यावा, आणि उत्तरही तुमच्याच मातीत असावं! बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी, उतरवून ठेवली आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने आली, त्यांच्या बोलीत. ती ‘शुद्ध’ करून छापली असती तर आज आपण काय वाचलं असतं?

क्रियापदांची रूपं, सर्वनामं, म्हणी जशाच्या तशा ठेवा. ‘म्हनले’, ‘व्हतं’ हे ‘म्हणाले’, ‘होतं’ करू नका. ज्या शब्दाचा अर्थ वाचकाला लागणार नाही त्यापुढे चौकोनी कंसात अर्थ द्या, आणि तो अर्थ बाईंनाच विचारून घ्या. अडखळणं, ‘ते आपलं’, ‘काय म्हनत्यात त्याला’ यांची गर्दी कमी केली तर चालेल. पण मूळ लिखाणात सगळं राहू द्या आणि छापायच्या प्रतीत गाळा. हसल्या, रडल्या, गप्प झाल्या हे कंसात एका शब्दात. प्रश्न गाळून सलग निवेदन करायचं असेल तर क्रम बदलू शकतो, मात्र त्यांच्या तोंडी नसलेलं वाक्य सांधा म्हणून घालू नका. मग छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, पूर्ण. निम्म्या दुरुस्त्या नावांच्या आणि नात्यांच्या असतात, एखादी ‘हे नको, सून वाचेल’ अशी असते. ती विनातक्रार काढा.

प्रश्न : मुद्रणं जपायची कुठे? मुद्रणयंत्र नेमकं कधी बंद करायचं? (मुंबई)

तीन प्रती : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा उघडून फाइल वाजते का बघा. पेटीत पडून राहिलेल्या डिस्क न सांगता जातात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, गाव, क्रमांक, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. ‘आजी नवीन २’ असं नाव तीन महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही. शेजारी एक साधी मजकुराची फाइल : कोण, कुठे, कधी, कुणी विचारलं, कशाची संमती आहे. तुम्ही मुंबईतच आहात, तर दहिसरला ‘स्पॅरो’ हा स्त्रियांच्या आवाजाचा आणि चित्रांचा संग्रह बघून या. १९८८ पासून तो बायकांच्या मौखिक इतिहासाचं काम करतो आहे आणि नोंदी कशा ठेवाव्यात हे तिथे डोळ्यांनी बघता येतं. बाईंच्या घरीही एक प्रत पोचली पाहिजे, ज्या यंत्रावर त्यांना ती वाजवता येईल अशाच रूपात. बहुतेक घरांत ते नातवाच्या फोनमधलं मेमरी कार्ड असतं.

यंत्र बंद करण्याची घाई करू नका. ‘झालं बरं का’ म्हटल्यावर खांदे सैल होतात, चहा येतो आणि ‘एक सांगायचं राहिलंच’ हे वाक्य तिथेच येतं. फक्त ‘अजून चालू आहे हं, राहू दे ना?’ असं विचारा. नको म्हणाल्या तर त्यांच्या समोर बंद करा, नंतर आठवणीने लिहूनही काढू नका. हो म्हणाल्या तर चालू ठेवा. त्यासाठी बॅटरी आणि जागा अर्ध्या तासाची शिल्लक असेल अशा बेताने बैठक आखा.